एका वाक्याचे एकशे बारा वर्षांचे आयुष्य

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चार-पाच कागद होते. कागद इंग्रजीत टाइप केलेले, म्हणून ते ‘टीचर’कडे आले. तिने पोटगीसाठी कोर्टात अर्ज केला होता आणि त्यावर नवऱ्याने वकिलामार्फत दिलेली ही लेखी कैफियत होती. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. अर्जदार बाईला आपण वर्षापूर्वीच तलाक दिलेला आहे, सबब ती आपली पत्नी नाही आणि पोटगीस पात्र नाही. मी ती ओळ तिला उर्दूत समजावून सांगितली, तेव्हा आपल्याला तलाक झाला आहे ही बातमी तिला प्रथमच कळत होती. वर्षापूर्वी दिलेला तलाक तिला आमच्या स्टाफरूममध्ये कळला.

घरी त्या कागदाचा अर्थ दोन तऱ्हेने लावला गेला होता. भाऊ म्हणाला, ‘2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने तलाकच बंद केला, हा कागद फाडून टाक.’ मामू म्हणाले, ‘कोर्टाच्या कागदावर आले म्हणजे तलाक झाला, आता इद्दतीला बस.’ दोघेही तिच्या भल्याचेच बोलत होते आणि दोघेही चुकत होते. दोघांनी कोर्टाचे निकाल ऐकलेले होते. वाचलेला कोणीच नव्हता. ज्या निकालाचा तिला खरा उपयोग होता तो 2002 मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला होता, आणि त्याचे नावही आमच्या शिरवण्यात कोणी ऐकले नव्हते. मीही नव्हते, हे आधीच कबूल करते. त्या रात्रीपासून मी शोधू लागले, आणि शोधता शोधता मागे मागे जात एकोणिसाव्या शतकापर्यंत पोहोचले. न्यायालयात दिलेला निकाल आपल्या चुलीपर्यंत कसा येतो, आणि येता येता त्याचे काय होते, याचा तो इतिहास आहे.

सुरुवात 1847 पासून करावी लागते. तेव्हा मुंबईत उच्च न्यायालय नव्हते, राणी सरकारचे सुप्रीम कोर्ट होते आणि सर अर्स्किन पेरी तेथे न्यायाधीश होते. खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतल्या मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही मुसलमान आहोत, कुरआनने मुलीला हिस्सा दिला आहे, तो द्या. समोरच्यांचे म्हणणे असे की आमच्या जमातीत मुलींना वाटा देण्याची चाल नाही. पेरीसाहेबांनी चालीच्या बाजूने कौल दिला. मुली हरल्या. पुढे 1853 मध्ये पेरींनी आपले निवडक निकाल लंडनला पुस्तकरूपाने छापले, त्यात हा खटला आला आणि तो कायम नजीर म्हणून उभा राहिला. पुढच्या कित्येक खोजा आणि मेमन मुलींच्या तोंडावर तो फेकला गेला असेल. मुलींचा हक्क चालीरीतीच्या वर नेऊन बसवणारा शरीयत कायदा यायला 1937 साल उजाडले. त्यातही शेतजमीन वगळलेली राहिली. आगरी-कोळ्यांच्या आणि कोकणी मुसलमानांच्या या पट्ट्यात, जिथे इस्टेट म्हणजे भातशेत आणि मिठागर, तिथे ही वगळलेली गोष्ट किती मोठी होती हे सांगायला नको.

पेरींच्या काळात निकाल छापायचा की नाही हे न्यायाधीशाच्या किंवा एखाद्या हौशी बॅरिस्टरच्या मर्जीवर होते. 1862 मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. 1875 मध्ये सरकारने कायदा करून निकालांचे अधिकृत ग्रंथ काढायचे ठरवले आणि 1876 पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्‌स’ची मुंबई मालिका निघू लागली. 1899 मध्ये रतनलाल आणि धीरजलाल यांनी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केला. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ तर आपल्या नागपूरचा. त्यात 1914 पासूनचे निकाल आहेत. वकिलाच्या ऑफिसात भिंतभर लावलेली ती लाल-तपकिरी पाठीची पुस्तके आपण सर्वांनी पाहिली आहेत. पक्षकारावर वजन पाडायला त्यांचा उपयोग होतोच, पण खरा उपयोग वेगळा आहे. वरच्या कोर्टाने काय म्हटले ते खालच्या कोर्टाला बांधील असते, आणि खालच्या कोर्टाला ते कळते या पुस्तकांतूनच.

यात एक बारकावा आहे जो मला फार उशिरा कळला. छापील निकालाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत सात-आठ ओळींचा सारांश असतो. तो न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो, संपादकाने काढलेला असतो. घाईतला वकील सारांश वाचतो. त्या सारांशावरून पाठ्यपुस्तक तयार होते, पाठ्यपुस्तकावरून विद्यार्थ्यांच्या नोट्स, नोट्सवरून वर्तमानपत्राचा मथळा आणि मथळ्यावरून आमच्या मोहल्ल्यातले मामू. आम्ही डी.एड., बी.एड.ला असताना मूळ ग्रंथ सोडून गाईड वाचत होतो, त्यातलाच प्रकार.

या साखळीत सर्वांत दूर गेलेले वाक्य मुंबई उच्च न्यायालयातलेच आहे. साल 1905, दावा साराबाई विरुद्ध राबियाबाई. एका हनफी मेमन गृहस्थाने दोन साक्षीदार बरोबर घेऊन काजींसमोर तलाक उच्चारला, काजींकडून तलाकनामा लिहवून घेतला, सही केली. बायको तिथे नव्हती. तिला कळवण्याचा आणि इद्दतीचा खर्च पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, पण तो तिने स्वीकारला नाही. थोड्याच काळात नवरा वारला. साराबाई कोर्टात आली ती विधवा म्हणून. मला घरात राहू द्या आणि निर्वाहखर्च द्या, एवढीच मागणी. प्रश्न एकच होता: नवरा मेला तेव्हा ती त्याची बायको होती की नव्हती?

न्यायमूर्ती बॅचलर यांनी ठरवले की नव्हती. असा तलाक लगेच आणि कायमचा लागू होतो. निकालात त्यांनी एक वाक्य लिहिले, ज्याचा आशय असा की हा तलाक धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट असला तरी कायद्याच्या दृष्टीने चांगला आहे. इंग्रजीत ते वाक्य फार सुटसुटीत आहे, घोटायला सोपे. निकाल 1906 च्या ग्रंथात छापला गेला आणि वाक्य निकालापासून सुटून एकटेच प्रवासाला निघाले. साराबाईचे घर, तिची मागणी, तिचा नकार हे सारे गळून पडले. उरले ते पाठ करण्याजोगे वाक्य.

मला त्या वाक्यातली गफलत नेहमी खुपते. इंग्रज न्यायमूर्ती कोणता कायदा लावत होते? शरीयतच ना? मग शरीयत म्हणजे धर्मशास्त्र नाही तर काय? एकाच गोष्टीचे दोन तुकडे करून एक वाईट आणि एक चांगला ठरवायचा, हे आपल्या फिकहच्या उस्तादांनीही कधी इतक्या बेफिकिरीने केले नसेल. बिदअती तलाक गुनाह आहे पण पडतो, असे हनफी उलेमा म्हणत आले हे खरे. पण ते गुनाह म्हणताना त्यावर जोर देत, देणाऱ्याला झापत. दुसऱ्या खलिफांच्या काळात तर अशा माणसाला फटके मारल्याच्या रिवायती आहेत. वसाहतीच्या कोर्टाने फटके काढून टाकले आणि तलाक ठेवला. विशेष म्हणजे त्या वेळी याच न्यायालयात बदरुद्दीन तय्यबजी न्यायमूर्ती होते. दावा त्यांच्यापुढे गेला असता तर? हा निष्फळ प्रश्न आहे, पण मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे दिनशा मुल्ला यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ मोहमेडन लॉ’ हे पुस्तक आले. मुल्ला हे आडनाव वाचून अनेकांना ते मौलवी वाटतात. ते मुंबईचे पारशी कायदेपंडित. पुस्तक उत्तम, आटोपशीर, कलमांना क्रमांक दिलेले. त्यामुळे खालच्या कोर्टांत ते जवळजवळ कायद्याच्याच जागी जाऊन बसले. 1932 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने रशीद अहमद विरुद्ध अनीसा खातून या अपिलात तोच विचार पुढे रेटला. तीनदा तलाक म्हटल्यावर नवरा-बायको पुढे कित्येक वर्षे एकत्र राहिली होती, पाच मुले झाली होती. कौन्सिलने सांगितले की तलाक त्याच क्षणी झाला होता. पाचही मुले अनौरस ठरली, वारसाहक्क गेला. पाच मुलांच्या आयुष्यावर पाणी फिरवायला एक वाक्य पुरेसे झाले.

याचा अर्थ विरुद्ध बाजूने कोणी बोललेच नाही असा नाही. 1970 मध्ये केरळात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिले की मुसलमान नवऱ्याला बेलगाम अधिकार आहे ही समजूत कुरआनाशी जुळत नाही. पुढे गुवाहाटीला न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांनी त्यापुढे जाऊन सांगितले की तलाकला वाजवी कारण हवे आणि त्याआधी दोन्हीकडचे एकेक मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न झालेला हवा. सूरह निसाची पस्तिसावी आयत आपल्या मुली मदरशात पाठ करतात, तीच त्यांनी निकालपत्रात आणली. पण गुवाहाटीचा निकाल मुंबईला बांधील नव्हता, आणि वर्तमानपत्रांना तर नव्हताच नव्हता. तो तिकडेच राहिला.

घराघरांत पोहोचला तो 1985 चा शाहबानो निकाल. त्या वेळी मी पाळण्यात होते. पण पुढे मोठी झाल्यावर ज्यांना ज्यांना विचारले त्यांना त्या निकालावरचे मोर्चे आठवत होते, रक्कम कोणाला आठवत नव्हती. इंदूरच्या दंडाधिकाऱ्याने त्या वृद्ध बाईला महिना 25 रुपये मंजूर केले होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्यासाठी तिचा वकील नवरा सुप्रीम कोर्टात गेला. आणि एक गोष्ट आज ठळकपणे डोळ्यांत भरते: तिने पोटगीचा अर्ज केला एप्रिल 1978 मध्ये, नवऱ्याने तलाक उच्चारला नोव्हेंबर 1978 मध्ये. म्हणजे तलाक हे पोटगीच्या अर्जाला दिलेले उत्तर होते. निकालपत्रातही दोष होते. सुरुवातीलाच एका जुन्या इंग्रज लेखकाचे इस्लामविषयीचे कडवट मत उद्धृत केले होते आणि शेवटी समान नागरी कायद्याचा विषय काढला होता. त्या दोन जागांनी समाज दुखावला, ते समजण्यासारखे आहे. पण मधली सारी पाने, जिथे कुरआनच्या आयतींवरून घटस्फोटितेच्या निर्वाहाची चर्चा आहे, ती कोणी वाचली? बाजूने बोलणाऱ्यांनीही नाही आणि विरुद्ध बोलणाऱ्यांनीही नाही. 1986 चा कायदा आला. तो कायदाही बाईच्या विरुद्धच आहे असे सगळ्यांनी धरून चालले. प्रत्यक्षात त्यातले ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ हे शब्द धरून आपल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने 28 सप्टेंबर 2001 रोजी दानियाल लतीफी खटल्यात सांगितले की नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याची तरतूद केली पाहिजे. नुसता तीन महिन्यांचा खर्च देऊन तो मोकळा होत नाही. हे दोन्ही निकाल मोर्चे न निघता आले, म्हणून ते कोणाला ठाऊक नाहीत.

तसाच गुपचूप आलेला निकाल म्हणजे दगडू पठाण विरुद्ध रहिमबी पठाण, 2 मे 2002. नावेच पाहा. नजर लागू नये म्हणून मुलाला दगडू म्हणण्याची रीत हिंदूंच्या घरातही आहे आणि आपल्याही. मराठवाड्यातल्या कोणत्याही उरुसात या नावाने हाक मारा, चार माणसे वळून पाहतील. या साध्या नावांच्या दाव्यात बायकोने पोटगी मागितली आणि नवऱ्याने सांगितले, मी तलाक दिलेला आहे. अशाच तऱ्हेचे उत्तर कोर्टाकोर्टांतून येत होते आणि वेगवेगळे न्यायमूर्ती वेगवेगळे ठरवत होते. म्हणून प्रश्न पूर्णपीठाकडे गेला. न्यायमूर्ती बी. एच. मार्लापल्ले यांच्यासह तीन न्यायमूर्तींनी मिळून उत्तर दिले.

उत्तर असे: नवऱ्याने कैफियतीत किंवा साक्षीत ‘मी पूर्वी तलाक दिला’ एवढे म्हणून भागत नाही. बायकोने ते नाकारले तर नवऱ्याला सिद्ध करावे लागेल की तलाकला कारण होते, ते तिला कळवले होते, दोन्ही बाजूंचे मध्यस्थ नेमले होते, त्यांनी समेटाचा प्रयत्न केला होता आणि तो निष्फळ ठरला होता. शिवाय तलाक खरोखर दिला होता. हे सिद्ध झाले नाही तर ती पत्नीच आहे आणि पोटगीचा तिचा हक्क तसाच राहतो. हे सांगताना न्यायमूर्तींनी बाहेरचा कोणता आधार आणला नाही. सूरह निसा आणि सूरह तलाक यांच्याच आयतींवरून ते बोलले.

त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने शमीम आरा खटल्यात हेच संपूर्ण देशासाठी सांगितले. तिथली हकीकत तर माझ्या समोरच्या कागदाची जुळी बहीण वाटावी. बाईने 1979 मध्ये पोटगी मागितली. नवऱ्याने डिसेंबर 1990 मध्ये कैफियत दिली की आपण जुलै 1987 मध्येच तलाक दिला आहे. अकरा वर्षांनी कैफियत, तिच्यात तीन वर्षांपूर्वीचा तलाक. सुप्रीम कोर्टाने विचारले, दिला केव्हा, कोणासमोर, कोणत्या शब्दांत, कारण काय, समेट कोणी केला? उत्तर नव्हते. कैफियतीची प्रत बायकोला मिळाली म्हणजे तलाक पोहोचला, हेही कोर्टाने मानले नाही. बहरुल इस्लाम यांचे गुवाहाटीचे दोन निकाल इतक्या वर्षांनी दिल्लीत मान्य झाले.

आणि मग 22 ऑगस्ट 2017. शायराबानो खटल्यात पाच न्यायमूर्तींनी मिळून सुमारे चारशे पानांची तीन निकालपत्रे लिहिली. शेवटचा हुकूम मात्र एका वाक्याचा: तीन विरुद्ध दोन मतांनी तलाक-ए-बिद्दत रद्द. सरन्यायाधीश खेहर आणि न्यायमूर्ती अब्दुल नझीर यांचे मत वेगळे होते. न्यायमूर्ती नरिमन आणि लळीत यांनी समानतेच्या कलमावर बोट ठेवले. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांची वाट निराळी. शमीम आराने हा प्रश्न पूर्वीच सोडवलेला आहे, असे त्यांनी म्हटले, आणि शेवटी लिहिले की जे कुरआनात वाईट ते शरीयतमध्ये चांगले असू शकत नाही, आणि त्या अर्थाने जे धर्मात वाईट ते कायद्यातही वाईटच. बॅचलरसाहेबांच्या वाक्याला एकशे बारा वर्षांनी त्याच शब्दांत उत्तर मिळाले. साराबाई ते ऐकायला नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत मात्र ‘तलाक रद्द’ एवढेच आमच्या वस्तीपर्यंत आले. एका दमात दिलेला तलाक तेवढा रद्द झाला होता. तलाक-ए-अहसन आणि तलाक-ए-हसन यांना त्या हुकुमाने हात लावला नव्हता. 2019 च्या कायद्याने एका दमातला तलाक हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. त्या कायद्याबद्दल माझे स्वतःचे मत फारसे चांगले नाही. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे सांगायचे ते एवढेच की भावाचे ‘कागद फाडून टाक’ हे त्या मथळ्यातून आले होते आणि मामूंचे ‘झाला’ हे 1905 मधून.

10 जुलै 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केले की घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही फौजदारी संहितेच्या 125 व्या कलमाखाली पोटगी मागता येते. नेमक्या त्याच महिन्याच्या 1 तारखेला ती जुनी संहिता जाऊन नवी आली होती, आणि 125 चे आता 144 झाले आहे. हा आकड्यांचा बदलही कोणी सांगितलेला नसतो. बाई 125 म्हणत खिडकीपाशी उभी राहते आणि पलीकडचा कारकून मान हलवतो.

आज वाचायची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी बरी आहे, हे मान्य केले पाहिजे. 2022 पासून घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या पाहता येतात. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने आपले छापील निकालग्रंथ सर्वांना विनामूल्य खुले केले. काही निकालांचे मराठी आणि उर्दू भाषांतरही मिळते. भाषांतर यंत्राच्या मदतीने केलेले असते, आणि कधी कधी ते वाचून मूळ इंग्रजीच सोपे वाटते. पण दगडू पठाणसारखे उच्च न्यायालयांचे जुने निकाल शोधायचे तर आधी नाव माहीत असावे लागते, आणि अडते ते तिथेच. उर्दू माध्यमात शिकलेल्या बाईला नाव कोण सांगणार? तिच्या वकिलालाही दरवेळी ठाऊक असतेच असे नाही. फौजदारी, जमीन, चेक न वटणे अशा कामांच्या ढिगात तिचा एक अर्ज असतो.

मी त्या आईला एका वहीच्या पानावर दोन ओळी लिहून दिल्या. पहिली: दगडू पठाण विरुद्ध रहिमबी, मुंबई उच्च न्यायालय, पूर्णपीठ, औरंगाबाद, 2 मे 2002. दुसरी: शमीम आरा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, सुप्रीम कोर्ट, 1 ऑक्टोबर 2002. खाली उर्दूत लिहिले: ‘वकीलसाहेबांना दाखवा आणि विचारा, माझ्याकडे कोणते मध्यस्थ आले होते?’ तिने पान चार घड्या करून पर्समध्ये ठेवले.

बेलापूरच्या कोर्टात पुढच्या तारखेला ती एकटीच गेली, मामू आले नाहीत. संध्याकाळी मुलीला शिकवणीहून घ्यायला आली तेव्हा म्हणाली, वकिलांनी पान ठेवून घेतले आणि प्रत काढायला सांगितली. नवऱ्याच्या वकिलांनी पुढची तारीख मागून घेतली आहे. मग हळूच विचारले, ‘टीचर, वो रहिमबी को पैसे मिले थे क्या?’